सगळ्यात स्वच्छ हंगाम

चौथ्यांदाही तेच आलं. नानांनी फोन उन्हाच्या आड धरला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि अक्षरं पुन्हा वाचली. ‘नोंद स्वीकारता येत नाही. निरीक्षण नकाशाशी जुळत नाही. कृपया पुन्हा तपासा.’

“काय म्हणतंय?” बांधावरून मावशींनी विचारलं. शेत त्यांचं होतं.

“पुन्हा तपासा म्हणतंय.”

“तपासा मग. की आता शेत उचलून घरी नेऊन तपासणार?”

नाना गुडघ्याच्या वरपर्यंत गवतात उभे होते, आणि ते गवत दोन्ही हातांनी बाजूला सारल्याशिवाय मका कुठे आहे ते कळत नव्हतं. सात आठवड्यांचा मका एव्हाना छातीला लागायला हवा होता. हा वीतभर होता, पिवळा पडलेला. नानांनी एक रोप धरलं तर ते न ओढताच हातात आलं, मुळं काळी आणि कुजका वास. नदीकडच्या या सखल शेतांत अठरा दिवस पाणी तुंबून राहिलं होतं. पाण्याने मका बुडवला आणि पाणी ओसरल्यावर रान मोकळं सापडल्यासारखं गवत माजलं. नानांनी आपली मीटरभराची लाकडी चौकट जमिनीवर टाकून रोपं मोजली. आठ हवी होती. तीन निघाली, त्यातलं एक तर नानांनी मोठ्या मनाने मोजलं होतं.

पण वरून बघणाऱ्याला हे कसं दिसावं? उपग्रह दर पाच दिवसांनी डोक्यावरून जायचा आणि जमिनीवरचा हिरवेपणा मोजायचा. त्याचा एक आकडा यायचा. उघडी माती असेल तर शून्याच्या आसपास, रान भरगच्च असेल तर एकाच्या जवळ. मावशींच्या शेताचा आकडा भरगच्चाच्या बाजूला होता, म्हणून यंत्राने काढलेल्या नकाशावर ते गडद हिरवं होतं, म्हणून पीक ‘उत्तम’ होतं. आणि ज्यांचं पीक उत्तम त्यांना दुसऱ्या पेरणीचं बियाणं कशाला? बियाणं मिळणाऱ्यांची यादी शुक्रवारी दुपारी बारा वाजता बंद होणार होती आणि आज मंगळवार होता. त्यानंतर पेरलं तरी थंडीच्या आत पीक हाती लागत नाही, हे मावशींनाही ठाऊक होतं आणि नानांनाही.

“चौथ्यांदा आलोय मी, मावशी. माझ्या हातात असतं तर पहिल्याच दिवशी लिहून मोकळा झालो असतो.”

“तुमच्या हातात नाही, यंत्राच्या हातात नाही, मग आहे कुणाच्या हातात?” मावशींनी पदराने मान पुसली. “नऊ वर्षांपूर्वी असंच पाणी तुंबलं होतं. तेव्हा तर कुणी फिरकलंसुद्धा नाही. आणि कागदावर म्हणे आमचं पीक झकास, कुणी लिहिलं देव जाणे. बियाणं नाही मिळालं, शेत पडीक राहिलं. माझा धाकटा तेव्हाच शहरात गेला, तो गेलाच.”

नानांनी चौकट उचलली आणि तिला लागलेला चिखल गरजेपेक्षा बराच वेळ पुसत राहिले.

नानांची नोकरी सांगायला सोपी होती. शेतात जायचं, उभं राहायचं, बघायचं, मोजायचं आणि शेरा लिहायचा. उत्तम, बरे, मध्यम, वाईट. एकतीस वर्षं त्यांनी हेच केलं. बढती आली ती दारावरून निघून गेली. दोन सायकली आणि एक मोटरसायकल झिजली. पण नानांचा शेरा कुणी खोडला असं झालं नव्हतं. दोन भावांमध्ये पिकावरून वाद झाला तर माणसं म्हणायची, नाना काय लिहून गेले ते बघा. नानांच्या मालकीची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, आणि निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

तीन वर्षांपूर्वी कचेरीत नकाशा आला तेव्हा बाकीचे हसले. उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते, हे तर त्याच्याही वरून हाकणार. नाना हसले नव्हते. ते तासभर पडद्यासमोर उभे राहिले होते. एकेक शेत त्यांनी ओळखलं, ही विहिरीची कड, हा वाकडा बांध, आणि आपण पायाने शिवलेलं सगळं असं एका नजरेत बघायला मिळालं म्हणून मनापासून खूश झाले होते. राग आता येत होता. दिसतं तेवढं सगळं बघणारं यंत्र, आणि समोर उभ्या माणसाचं ऐकायला त्याला कान नाहीत.

बुधवारची सकाळ त्यांची रागावण्यातच गेली. मदतीच्या नंबरावर वीस मिनिटं संगीत ऐकलं. संगीत संपल्यावर एका मुलीने सांगितलं की फोटो पाठवा. फोटो पाठवले तर उत्तर आलं की फोटोत हिरवळ दिसत आहे. मुख्य कचेरीतल्या साहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले, “अहो नाना, एका माणसाची नजर बरोबर आणि उपग्रह चूक, असं मी वर कुठल्या तोंडाने सांगू?” पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी नाना नकाशाच्या खोलीत गेले.

त्या खोलीत मॅडम बसायच्या. वय तिशीचं, बोलणं भराभर, आणि टेबलाच्या खणात कायम भाजलेले शेंगदाणे. यंत्राला शिकवायचं काम त्यांचं होतं. त्यांनी नानांपुढे शेंगदाण्यांची वाटी सरकवली.

“नाना, यंत्राला गवत आणि मका यांतला फरक कळतो. नुसता हिरवेपणा नाही बघत ते. हिरवं कधी चढलं, किती झपाट्याने चढलं, हे सगळं बघतं. गवत एकदम चढतं, मका हळूहळू.”

“मग इथे का कळत नाही?”

“तुमच्या नोंदी परत जाताना दिसल्या, तेव्हापासून, कालपासून तेच शोधतेय.” मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “आता यंत्राला जन्मतःच तर काही येत नाही. आपण जुन्या वर्षांची उपग्रहाची चित्रं त्याला दिली आणि त्याच वर्षांचे जमिनीवरचे शेरे दिले. असं दिसत होतं तेव्हा पीक असं होतं, हे त्याने पाठ केलं. या भागात शेरे कुणाचे? तुमचे. चित्रं आहेत तेवढ्या अकरा वर्षांचे. खरं सांगू का, तुमच्यासारख्या नोंदी दुसऱ्या कुणाच्याच नाहीत.”

नानांना बरं वाटलं. ते लपवायला त्यांनी दोन शेंगदाणे तोंडात टाकले.

“आणि हा बघा, हा सगळ्यात स्वच्छ हंगाम.” मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. “नऊ वर्षांपूर्वीचा. बाकीच्या वर्षी कुठे ना कुठे रकाना रिकामा आहे, खाडाखोड आहे. एके ठिकाणी तर तुम्ही लिहिलंय, कुत्रं मागे लागलं, शेत पाहता आलं नाही. पण या हंगामात बेचाळीसच्या बेचाळीस शेतं, सात आठवडे, एक डाग नाही. म्हणून सखल शेतांसाठी यंत्र याच हंगामावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवतं. आणि त्या वर्षीसुद्धा हिरवं असंच झपाट्याने चढलं होतं. तुम्ही लिहिलंय, उत्तम.”

शेंगदाणा नानांच्या घशात अडकला. मॅडमनी पाणी दिलं.

तो हंगाम स्वच्छ का होता, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. त्या वर्षी नानांची बायको सात आठवडे रुग्णालयात होती. रजा संपल्या होत्या, साहेब दुसरा माणूस देत नव्हते, आणि नाना वॉर्डबाहेरच्या लाकडी बाकावर बसून होते. तिथेच मांडीवर तक्ते घेऊन त्यांनी बेचाळीस शेतांचे शेरे लिहिले. पाऊस चांगला आहे, म्हणजे नदीकडचं पीक चांगलंच असणार, असा हिशेब केला. एकाच पेनाने, एका बैठकीत, सावलीत बसून लिहिलेल्या नोंदींवर डाग पडणार कुठून? खालच्या शेतांत पाणी तुंबल्याचं त्यांच्या कानावर आलं तेव्हा तक्ते वर पोचले होते. पुढच्या वर्षी ठीक करू म्हणाले, आणि पुढच्या वर्षी ते बाकीच्या गोष्टींबरोबर विसरून गेले. आणि आता दोन दिवस ते सगळ्या जगाच्या नावाने बोटं मोडत फिरले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

“ते एक वर्ष काढून बघता येईल का?” त्यांनी विचारलं.

“येईल. पण कारण?”

“असंच.”

“असंच कसं, नाना? कारण लिहावं लागतं.”

नाना उठले. वाटीतले शेंगदाणे तसेच राहिले.

संध्याकाळी बायको खिडकीशी बसून उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. नानांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना ते खोलीत येरझाऱ्या घालत होते, आणि खोली एवढी लहान होती की चार पावलांत वळावं लागत होतं.

“बसून बोला. माझी मान दुखते,” बायको म्हणाली.

“बसून काय बोलू? एकतीस वर्षं कमावलेलं एका दिवसात घालवू? हात दाखवून अवलक्षण नुसतं.”

“मग नका सांगू.”

“आणि त्या शेतांचं काय?”

“मग सांगा.”

“तुला सगळं सोपंच वाटतं. तेव्हा माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्याने तेच केलं असतं. तू आत होतीस, डॉक्टर धड बोलत नव्हते...”

बायकोने सुई थांबवली. “हे बघा, माझं नाव मध्ये आणू नका. आजारी मी पडले होते. खोटं तुम्ही लिहिलंत.”

नाना खाली बसले. त्यांना तिचा राग आला, आणि ती बरोबर होती म्हणून जास्तच आला.

गुरुवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच ते नकाशाच्या खोलीबाहेर उभे होते. मॅडम आल्या, कुलूप काढलं, आणि खुर्चीत बसायच्या आत नानांनी सांगून टाकलं. बाक, तक्ते, बेचाळीस शेतं. बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही, ‘घरी आजारपण होतं’ एवढंच म्हणाले.

मॅडमनी उठून दार लावलं.

“तीन वर्षं मी लोकांना तुमचा हंगाम दाखवतेय, नाना. प्रशिक्षणात. नोंद असावी तर अशी म्हणून.”

“मला माहीत नव्हतं.”

“मला तरी कुठे माहीत होतं.” त्यांचा आवाज चढला आणि मग त्यांनीच तो खाली आणला. “थांबा. साहेबांशी बोलावं लागेल.”

साहेबांचा फोन टेबलावर ठेवून दोघांनी ऐकला. साहेब वैतागले. अहवाल वर गेला आहे, आता हे काय नवीन? निवृत्तीला आलेला माणूस, त्याला शेवटी शेवटी कुणाची दया आली असेल, म्हणून म्हणत असेल मी खोटं लिहिलं. उद्या दहा जण असंच म्हणतील. “पुरावा आहे का त्यांच्याकडे, शेतात गेले नव्हते याचा?”

फोन बंद झाल्यावर नाना हसले, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. “एकतीस वर्षं शेतात गेलो, त्याचा पुरावा कुणी मागितला नाही. आज गेलो नव्हतो याचा मागतायत.”

“आहे का काही?” मॅडमनी विचारलं. “काहीही कागद.”

नाना भर दुपारी घरी आले. रुग्णालयाचे जुने कागद कुठे असतील, असं त्यांनी दारातूनच विचारलं. का ते बायकोने विचारलं नाही. कपाटाच्या वरच्या फळीवरून तिने एक फाइल काढली आणि तिच्यातून जाड पुठ्ठ्याचं कार्ड. रुग्णाच्या नातेवाइकाचा पास. मागे रोजचा शिक्का होता, तारीख आणि आत गेल्याची, बाहेर आल्याची वेळ. एकोणपन्नास शिक्के. नाना सकाळी आठला आत जायचे आणि संध्याकाळी सातला बाहेर पडायचे. पहारेकऱ्याने एकही दिवस चुकवला नव्हता.

“घ्या,” ती म्हणाली. “वर नाव माझंच आहे. ते काही खोडता यायचं नाही.”

नानांनी कार्ड खिशात घातलं. तिने पुन्हा सुई हातात घेतली होती.

शुक्रवारी दहा वाजता साहेबांची परवानगी आली. सोबत एक नियमही आला होता. मॅडमना तो कालच फोनवर कळला होता; त्या खुर्ची जवळ ओढून नानांच्या समोर बसल्या.

“नाना, एकच हंगाम नाही काढता येत. ज्या निरीक्षकाची एक नोंद मुद्दाम खोटी दिलेली निघाली, त्याच्या सगळ्या नोंदी बाद. अकराच्या अकरा वर्षं. चार हजार सातशे शेरे आहेत.”

“बाकीचे खरे आहेत.”

“मला माहीत आहे.”

“एकेका शेऱ्यामागे मी तिथे उभा होतो, मॅडम. पावसात, उन्हात. ताप असताना गेलोय मी. ते एक वर्ष सोडलं तर...” नानांनी पडद्यावर वरच्या माळावर बोट ठेवलं. “माळावरच्या शेतांचं काय होणार? तिथे तर माझ्याशिवाय कुणीच लिहिलेलं नाही.”

“तिथे नकाशा कोरा होईल. माहिती अपुरी असं येईल. मी भांडले, नाना. काल तासभर भांडले. आणखी आठ दिवस भांडता येईल, पण यादी बाराला बंद होतेय.”

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. नानांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग कागद पुढे ओढून सही केली. ‘माझ्या सर्व नोंदी अविश्वसनीय मानण्यास माझी हरकत नाही.’ वाक्य छापील होतं, फक्त सही त्यांची होती.

यंत्राला नव्याने हिशेब करायला पाऊण तास लागला. शेजारच्या भागांतल्या दुसऱ्या माणसांच्या नोंदी त्याने घेतल्या. तिथे पाणी तुंबल्यावर असं झपाट्याने चढणारं हिरवं म्हणजे गवत, हे कुणीतरी पायाने जाऊन लिहून ठेवलेलं होतं. पडद्यावर नदीकाठची शेतं एकेक करून हिरव्याची पिवळी झाली, पिवळ्याची लाल झाली. वरचा माळ आधी फिका पडला आणि मग राखाडी झाला. नाना लाल शेतांकडे बघत नव्हते, त्या राखाडीकडे बघत होते. बाराला आठ मिनिटं असताना मॅडमनी यादी पाठवली आणि पोचल्याची खूण आली.

त्या दिवसापासून नानांचं शेतात जाणं बंद झालं. उरलेले पाच महिने त्यांना गोदामावर बसवलं. मंगळवारी बियाण्याच्या पिशव्या आल्या आणि वाटप सुरू झालं. नानांनी यादीवर खूण करायची, सही घ्यायची आणि पिशवी हातात द्यायची. नदीकाठची सगळी माणसं रांगेत होती. कुणी काही विचारत नव्हतं. पेरायची घाई होती.

मावशींचा नंबर आला. सही करता करता त्या म्हणाल्या, “शेवटी दिसलं त्या उपग्रहाला. एवढ्या लांबून दिसलं. आणि तुम्ही चार वेळा शेतात उभे राहिलात, काय उपयोग झाला?”

“काही नाही,” नाना म्हणाले.

“तुमच्यावर राग नाही माझा. तुम्ही आलात तरी. पण नऊ वर्षांपूर्वी हे यंत्र असतं ना, तर तेव्हाही मिळालं असतं आम्हाला. धाकटा गेला नसता.”

नानांनी पिशवी उचलली होती. ती देऊन टाकली असती आणि पुढचं नाव घेतलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. मॅडम सांगणार नव्हत्या, साहेबांना तर ते झाकूनच ठेवायचं होतं. नानांनी पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली.

“त्या वर्षी मीच होतो, मावशी. तुमच्या शेताचा शेरा माझा होता. मी आलोच नव्हतो. न बघता लिहिलं, उत्तम म्हणून.”

मावशींनी सही पुरी केली आणि पेन जागेवर ठेवलं. मग त्या नानांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मागच्या माणसाने एकदा खाकरून बघितलं. नानांना वाटलं, आता या बोलतील, ओरडतील, चार माणसांत वाभाडे काढतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“द्या, गाडीपर्यंत आणून देतो. जड आहे,” नाना म्हणाले.

“राहू द्या.”

मावशींनी पिशवी दोन्ही हातांनी टेबलावरून ओढली. ती त्यांना पेलत नव्हती. छातीशी धरून चार पावलं जायच्या, गुडघ्यावर टेकवायच्या, पुन्हा उचलायच्या. गोदामाचं आवार लांबलचक होतं. रांगेतला एकजण पुढे झाला तर त्याच्या हातात त्यांनी पिशवीचं एक टोक दिलं.

मावशी फाटकाबाहेर जाईपर्यंत नाना उभे होते. मग ते खाली बसले, यादीवर मावशींच्या नावापुढे खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं.